अमेरिकेतील बास्क आणि नायजेरियन वंशज : एका तुलनेची चिकित्सा

स्थलांतरित समाजांच्या अभ्यासात तुलनेची एक सोपी रीत अलीकडे रूढ झाली आहे. अमेरिकेच्या जनगणनेतील वंशविषयक कोष्टके घ्यावयाची, प्रत्येक समाजाच्या नावापुढे शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न यांचे आकडे मांडावयाचे, आणि त्यांवरून समाजांची उतरंड रचून तिचे कारण त्या त्या समाजाच्या अंगभूत गुणांत शोधावयाचे, अशी ती रीत आहे. या उतरंडीत बास्क आणि नायजेरियन या दोन वंशजसमूहांची गाठ पडते. एकाचे पूर्वज पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडून आले आणि मेंढ्या राखू लागले. दुसऱ्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून आले आणि विद्यापीठांत दाखल झाले. दोघांचीही गणना आज ‘यशस्वी’ समाजांत केली जाते. दोघांच्याही ठायी उद्योगप्रियता, कुटुंबनिष्ठा व काटकसर हे गुण होते, सबब हे घडले, असा निर्वाळा देऊन विषय मिटविण्यात येतो.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा आहे, इतिहासाचा नव्हे. तथापि भाषेच्या अभ्यासकास कोष्टकातील आकड्यांच्या आधी त्यांच्यापुढील नावे दिसतात, आणि या तुलनेतील पहिली अडचण नावांतच आहे. ती सोडविल्यावाचून पुढील आकडे कशाचे मोजमाप करतात हेच कळत नाही. या दोन समाजांच्या बाबतीत ‘यश’ हा एकच शब्द दोन भिन्न जातीच्या घटनांना लावला जात आहे, आणि त्या घटनांचा उलगडा समाजांच्या स्वभावापेक्षा कायदा, जमीन व निवड यांच्या इतिहासातून अधिक चांगला होतो, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

‘बास्क’ हे कोणत्याही सार्वभौम राज्याच्या नागरिकांचे नाव नाही. बास्क लोकांची भूमी स्पेन आणि फ्रान्स या दोन राज्यांत विभागलेली आहे. ते स्वतःस ‘एउस्काल्दुन’ म्हणवितात. या शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ ‘एउस्कारा ज्याच्यापाशी आहे तो’ असा होतो. एउस्कारा ही त्यांची भाषा. तिचे कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते सिद्ध झालेले नाही. भाषा बाळगणे हीच ज्या समाजाची व्याख्या, त्या समाजाची माणसे अमेरिकेच्या बंदरांवर मात्र ‘स्पॅनिश’ किंवा ‘फ्रेंच’ म्हणून नोंदली गेली. वंशाविषयीचा खुला प्रश्न १९८० च्या जनगणनेत विचारला गेला तेव्हा कोठे बास्क हे स्वतंत्र नाव आकड्यांत उतरले. २००० च्या जनगणनेत ५७,७९३ लोकांनी आपला वंश बास्क असल्याचे सांगितले.

‘नायजेरिया’ या नावाची कथा याच्या अगदी उलट आहे. ते १८९७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातील एका लेखात फ्लोरा शॉ या पत्रकार स्त्रीने सुचविले. उत्तर व दक्षिण भागांचे एकीकरण १९१४ मध्ये झाले आणि स्वातंत्र्य १ ऑक्टोबर १९६० रोजी मिळाले. या राज्याच्या सीमांत पाचशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. योरुबा, इग्बो, हाउसा, एडो, इजॉ ही तेथील माणसांची जुनी नावे. ‘नायजेरियन’ हे नाव पासपोर्टाबरोबर आले. एका बाजूस राज्यावाचून असलेली भाषा आणि दुसऱ्या बाजूस एका भाषेवाचून असलेले राज्य, अशा दोन गोष्टी कोष्टकात शेजारी शेजारी ओळींत बसविल्या आहेत.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. नाव कसे मिळते यावर कोण मोजला जातो हे अवलंबून असते. जन्मस्थानाच्या रकान्यातून ओळखला जाणारा नायजेरियन हा बहुधा स्वतः स्थलांतर केलेला किंवा त्याचा मुलगा असतो. वंशाच्या प्रश्नाला ‘बास्क’ असे उत्तर देणारा हा पुष्कळदा नातू किंवा पणतू असतो, आणि त्याच्या चार आजी-आजोबांपैकी एकच बास्क असण्याचाही संभव असतो. त्याचा सख्खा चुलतभाऊ त्याच प्रश्नाला ‘फ्रेंच’ असे उत्तर देऊ शकतो किंवा काहीच उत्तर न देता पुढे जाऊ शकतो. मेरी वॉटर्स यांनी ‘एथ्निक ऑप्शन्स’ या १९९० च्या ग्रंथात युरोपीय वंशाच्या अमेरिकनांसंबंधी हेच दाखविले आहे: त्यांच्यापुरते वंशाचे नाव ऐच्छिक झाले आहे. नायजेरियनाच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलास हा पर्याय तितका मोकळा नाही. त्याने नाव सोडले तरी रस्त्यावरचा पोलीस, घरमालक आणि शाळामास्तर त्यास दुसरे एक नाव देतात. ते नाव त्याच्या वर्णाचे असते.

आता बास्कांच्या इतिहासाकडे वळू. त्याचा आरंभ अमेरिकेत होत नाही. तो बास्क शेतघरात होतो. ‘बासेर्री’ म्हणून ओळखले जाणारे हे घर आणि त्यास जोडलेली जमीन परंपरेने अविभाज्य मानली जाई. आई-बापांनी निवडलेल्या एकाच अपत्याकडे, मग तो मुलगा असो वा काही भागांत मुलगी, ती सबंध जाई. बाकीच्या भावंडांनी चर्च, समुद्र, सैन्य अथवा परदेश यांपैकी एक वाट धरावी, असा जणू संकेतच होता. गावावरून पडलेली ‘-कर’ अंती आडनावे आपल्या परिचयाची आहेत. बास्क आडनाव त्याहून एक पायरी आत जाते, ते घरावरून पडते. ‘एचेबेरिया’ या अत्यंत प्रचलित आडनावाचा अर्थ ‘नवे घर’ असा आहे. ज्यांना घर मिळावयाचे नव्हते, त्यांनीच घराचे नाव समुद्रापार नेले.

यावरून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. देश सोडणारा बास्क तरुण हा सर्वस्व गमावलेला भणंग नव्हता. तो वारसाहक्कातून वगळला गेलेला, शेतीचा कारभार जवळून पाहिलेला, आणि मागे एक उभे घर असलेला माणूस होता. प्रवासखर्चासाठी उसने देणारा नातेवाईक त्यास मिळू शकत असे, व अपयश आल्यास परतण्यास ठिकाण होते. पुष्कळजण खरोखरच परत गेले. चार-पाच वर्षे डोंगरांत राबून, पैसा गाठीस बांधून गावी जमीन किंवा खाणावळ घ्यावयाची, हाच अनेकांचा हेतू होता. अमेरिकेतील बास्कांच्या यशाचे आकडे हे मागे राहिलेल्यांचे व त्यांच्या संततीचे आकडे आहेत, हे विसरून चालावयाचे नाही.

दुसरी गोष्ट मेंढपाळीची. बास्क हा जन्मजात मेंढपाळ, हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्याची कोणी फारशी चौकशी करीत नाही. विल्यम डग्लस आणि होन बिल्बाओ यांनी ‘आमेरिकानुआक’ या १९७५ च्या बृहद्ग्रंथात या समजाची चिकित्सा केली. अमेरिकेत मेंढ्या राखणाऱ्या अनेक बास्कांनी मायदेशी मोठा कळप कधी सांभाळलाच नव्हता. किनाऱ्याजवळच्या गावांतून आलेल्यांस तर हे काम सर्वस्वी नवे होते. मोकळ्या कुरणांवर मोठे कळप चारण्याची विद्या आधी दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना व उरुग्वे येथे गेलेल्या बास्कांनी आत्मसात केली. १८४९ च्या सोन्याच्या शोधात त्यांपैकी काहीजण कॅलिफोर्नियात आले. खाणीत हात काळे करण्यापेक्षा खाणकामगारांस मांस पुरविण्यात अधिक प्राप्ती आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. पुढील अर्धशतकात त्यांचे कळप नेव्हाडा, आयडाहो आणि पूर्व ऑरेगॉन येथील कोरड्या पठारांपर्यंत पोचले. बिस्काय प्रांताचे लोक मुख्यतः आयडाहो व उत्तर नेव्हाडात, तर नावारा आणि फ्रेंच भागांतील लोक कॅलिफोर्नियात व नेव्हाडाच्या इतर भागांत स्थिरावले.

या विस्तारामागील आर्थिक यंत्र समजून घेण्यासारखे आहे. पश्चिमेकडील अफाट जमीन त्या काळी सरकारी होती, आणि तिच्यावरील गवत जो पहिला पोचेल त्याचे. इंग्रजीचा गंध नसलेला तरुण एखाद्या मेंढीमालकाकडे चाकरीस राही. हजार-दोन हजार मेंढ्यांचा कळप, एक कुत्रा आणि महिनोन्महिने माणसाचे दर्शन नाही, असे ते जिणे असे. त्या एकांतात मेंढपाळांनी अॅस्पेन वृक्षांच्या सालीवर कोरलेली नावे, गावे व तारखा आजही काही जंगलांत वाचावयास मिळतात. वेतनाचा काही भाग तो रोख न घेता माद्यांच्या रूपाने घेई व त्या मालकाच्याच कळपात चारी. त्यांची संख्या पुरेशी वाढली की वेगळा होऊन स्वतःचा कळप घेऊन सरकारी कुरणावर निघे. जमीन विकत घ्यावयास नको, भांडवल उभारावयास नको, परवाना नको. मग तो गावी पत्र लिहून भावास किंवा चुलतभावास बोलावी, आणि तो भाऊ त्याच्या कळपावर हीच शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू लागे.

अर्थात या भटक्या कळपवाल्यांचा स्थायिक पशुपालकांस मनस्वी तिटकारा होता. त्यांना तुच्छतेने ‘ट्रॅम्प’ म्हणत, आणि ‘काळे बास्को’ ही शिवी त्या भागात सर्रास ऐकू येई. बास्कांसारख्या गौरवर्णी लोकांस ‘काळे’ म्हणणे हे वर्णविषयक शब्द कातडीच्या रंगावरून कमी आणि सामाजिक पायरीवरून अधिक ठरतात याचे बोलके उदाहरण होय. परंतु ही शिवी कायद्यात कधी उतरली नाही. नागरिकत्व, मतदान, विवाह, जमीनखरेदी यांपैकी कशातही बास्कांस गोऱ्या माणसाचा हक्क नाकारला गेला नाही. शिवीचे दिवस संपले तेव्हा मागे कोणतीही कायदेशीर भिंत उभी राहिलेली नव्हती.

शिडी मात्र काढून घेण्यात आली. राष्ट्रीय वनांच्या हद्दी विसाव्या शतकाच्या आरंभीच आखल्या जाऊन भटक्या कळपांस उन्हाळी कुरणे बंद होऊ लागली होती. १९२४ च्या कायद्याने स्पेनचा वार्षिक कोटा १३१ माणसांवर आणला. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने उरलेली सरकारी कुरणे परवान्यांखाली आणली व परवान्यात शेजारच्या जमीनमालकांस अग्रक्रम दिला. ज्या बास्कांनी तोपर्यंत जमीन विकत घेतली होती, ते या कायद्याने एका रात्रीत संरक्षित वर्गात जाऊन बसले. ज्यांनी घेतली नव्हती, त्यांना चाकरी, खाण, गवंडीकाम किंवा परतीची बोट यांतून निवड करावी लागली. एकाच गावचे, एकाच रक्ताचे आणि सारखेच कष्टाळू दोन भाऊ या रेषेच्या दोन बाजूंस पडू शकत होते.

दुसऱ्या महायुद्धात मेंढपाळांचा दुष्काळ पडला तेव्हा चक्र फिरले. नेव्हाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये २५० मेंढपाळांस कोट्याबाहेर प्रवेश देणारा खास कायदा संमत झाला, व त्यामागून तशाच आणखी तरतुदी आल्या. मॅकॅरन स्वतः मेंढ्या पाळणारे गृहस्थ होते. याच मॅकॅरन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५२ च्या सर्वसाधारण कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत कायम ठेवली, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. दार सर्वांस बंद ठेवून मेंढपाळांपुरती खिडकी उघडण्यात आली होती.

कळपांच्या या कथेत एक संस्था नेहमी मागे पडते, ती म्हणजे बास्क वसतिगृह. एल्कोचे ‘स्टार हॉटेल’ १९१० चे, बेकर्सफील्डचे ‘नोरिएगा’ १८९३ चे; दुसरे २०२० मध्ये बंद झाले. रेल्वे स्थानकाजवळच्या या खाणावळी म्हणजे मेंढपाळाचे पोस्ट, पेढी, रोजगारकचेरी, इस्पितळ आणि दुभाषी सर्व काही असे. हिवाळ्यात काम सुटले की तो तेथे उधारीवर राही. तेथे स्वयंपाक, धुणे व वाढप करणाऱ्या मुलीही मायदेशाहून आलेल्या असत, आणि बास्क-बास्क विवाह बहुधा याच छपराखाली जमत. या स्त्रियांचे श्रम मेंढ्यांच्या मोजदादीत येत नाहीत; पण पुढल्या पिढीची शाळा पुष्कळदा खाणावळीच्या मिळकतीवर झाली. नेव्हाडातील लॅक्सॉल्ट कुटुंबाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बाप डोमिनिक मंदीत कळप गमावून पुन्हा डोंगरांत गेला. आईने कार्सन सिटीत हॉटेल चालविले. मुलगा पॉल वकील होऊन १९६७ मध्ये नेव्हाडाचा गव्हर्नर व १९७४ पासून सिनेटर झाला, आणि दुसरा मुलगा रॉबर्ट याने बापावर लिहिलेल्या ‘स्वीट प्रॉमिस्ड लँड’ या १९५७ च्या पुस्तकाने बास्क हे नाव इंग्रजी वाचकांस परिचित केले. आयडाहोत मेंढपाळ कुटुंबातीलच पीट सेनारुसा १९६७ ते २००३ एवढा प्रदीर्घ काळ राज्याचे सचिव होते.

१९५९ मध्ये स्पार्क्स येथे पश्चिमेकडील बास्कांचा मोठा उत्सव भरला. त्यानंतर जे नाव ओझे होते ते अलंकार झाले. १९६७ मध्ये रीनोच्या विद्यापीठात बास्क अध्ययनाचा कार्यक्रम निघाला, १९७३ मध्ये मंडळांचा महासंघ झाला, १९८५ मध्ये बोइसीत संग्रहालय उघडले. परंतु जी भाषा बाळगण्याने माणूस एउस्काल्दुन होतो, ती भाषा तोपर्यंत बहुतेक नातवंडांच्या तोंडून गेली होती. १९९८ मध्ये बोइसीत एउस्कारा माध्यमाची बालशाळा काढावी लागली, यातच सर्व आले. उत्पन्नाच्या रकान्यात या हानीस जागा नाही.

नायजेरियनांचा इतिहास याहून आखूड आहे, आणि त्याचा आरंभ विद्यापीठाच्या दारात होतो. (गुलामांच्या व्यापारात त्याच किनाऱ्यावरून नेल्या गेलेल्या लोकांचे वंशज हा निराळा आणि फार मोठा समाज, जनगणना त्यांना नायजेरियन म्हणत नाही, त्यांच्या पूर्वजांचे नाव व भाषा नोंदण्याची तसदीच कोणी घेतली नव्हती.) नामदी अझिकिवे १९२५ मध्ये अमेरिकेस गेले, स्टोरर, हॉवर्ड व लिंकन या कृष्णवर्णीयांच्या संस्थांत शिकले, आणि १९३४ मध्ये आफ्रिकेत परतून पुढे स्वतंत्र नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पिढीच्या दृष्टीने अमेरिका ही शिकून परत यावयाची जागा होती. १९७० नंतरच्या तेलाच्या भरभराटीत सरकारी शिष्यवृत्त्यांवर गेलेले विद्यार्थीही परतण्याच्या बोलीनेच गेले. १९६७ ते १९७० च्या बियाफ्राच्या युद्धाने पुष्कळ इग्बो कुटुंबांस परतीचा विचार सोडावयास लावला होता. तेलाचे भाव कोसळल्यावर आणि १९८६ च्या आर्थिक पुनर्रचनेत नायराचे मूल्य घसरल्यावर ती वेळ इतरांवरही आली. प्राध्यापकाचा पगार परदेशी चलनात नगण्य झाला. शिकावयास गेलेले राहिले, आणि शिकलेले जाऊ लागले.

त्यांच्यासाठी दार उघडले होते १९६५ च्या कायद्याने. या कायद्याने राष्ट्रवार कोटे मोडले आणि नातेसंबंध व व्यावसायिक पात्रता या दोन कसोट्या आणल्या. अमेरिकेतील मराठी डॉक्टर व इंजिनियरांची वसाहतही याच दाराने गेली आहे, तेव्हा हा मुद्दा आपणांस निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. १९९० च्या कायद्याने सोडतीचे व्हिसे आले. त्यांचा लाभ नायजेरियनांनी इतका घेतला की संख्येची मर्यादा ओलांडल्यामुळे २०१५ च्या सोडतीपासून तो देश वगळण्यात आला. सोडतीसही किमान माध्यमिक शिक्षणाची किंवा प्रशिक्षित कामाच्या अनुभवाची अट होती. १९८० मध्ये अमेरिकेत सुमारे २५,००० नायजेरियन-जात लोक होते. चाळीस वर्षांत ती संख्या चार लाखांच्या आसपास पोचली.

या लोकांपैकी प्रौढांत पदवीधरांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळपास आहे. सर्वसाधारण अमेरिकन प्रौढांत ते सुमारे एकतृतीयांश. उतरंड रचणाऱ्यांचा सर्वांत आवडता आकडा हाच. पण तो अमेरिकेतील प्रगतीचा आकडा नव्हेच. त्याचा मोठा भाग विमानात बसतानाच ठरलेला होता. मायदेशी ज्या समाजात पदवीधर हा अल्पसंख्य, त्यातून दूतावासाच्या चाळणीने जवळजवळ पदवीधरच निवडून पाठविले, तर पलीकडे पदवीधरांचा समाज दिसणारच. जेनिफर ली आणि मिन झोउ यांनी २०१५ मध्ये आशियाई स्थलांतरितांच्या संदर्भात या अतिनिवडीचे विवेचन केले आहे. नायजेरियनांस ते तितकेच लागू पडते.

याउलट जो आकडा खरोखर अमेरिकेतील अनुभव सांगतो, तो फारसा उद्धृत होत नाही. शिक्षणात एवढी आघाडी असलेल्या या समाजाच्या कुटुंबांचे मध्यम उत्पन्न, २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, देशाच्या मध्यम उत्पन्नाहून किंचितच अधिक होते. पदवीचे जेवढे मोल गोऱ्या पदवीधरास मिळते, तेवढे येथे मिळालेले नाही. परदेशी पदव्या न मानल्या जाणे हे एक कारण. लागोस किंवा इबादानचा पदवीधर ह्यूस्टनमध्ये टॅक्सी चालवितो किंवा शुश्रूषागृहात साहाय्यकाचे काम करीत परिचारिकेची परीक्षा देतो, ही गोष्ट तेथे नित्याची आहे. वर्ण हे दुसरे कारण. बास्क मेंढपाळाने शून्यातून निघून जे अंतर कापले, ते त्याच्या शिक्षणाहून पुष्कळ अधिक होते. नायजेरियन पदवीधराने जी पातळी बरोबर आणली, तिच्याहून थोडे खालीच त्यास प्रथम उतरावे लागले. एकाचे अंतर आणि दुसऱ्याची पातळी एकाच फूटपट्टीने मोजण्यात काय हशील आहे, हे त्या कोष्टककारांनीच सांगावे.

दुसऱ्या पिढीत चित्र पालटते हे मान्य केले पाहिजे. ओनोसो इमोआजेने यांनी ‘बियाँड एक्स्पेक्टेशन्स’ या २०१७ च्या ग्रंथात अमेरिका व ब्रिटन येथील नायजेरियनांच्या मुलांचा अभ्यास केला आहे. ही मुले आईबापांचे शिक्षण टिकवितात, पुष्कळदा पुढे नेतात, आणि स्वतःस नायजेरियन, कृष्णवर्णीय व अमेरिकन या तीन नावांच्या मधोमध कोठेतरी उभी करतात. इबादानमध्ये जन्मून कॅलिफोर्नियात वाढलेले अडेवाले अडेयेमो २०२१ मध्ये अमेरिकेचे उपअर्थमंत्री झाले. या पिढीच्या जोपासनेत गावोगावच्या इग्बो संघांचा, योरुबा मंडळांचा, चर्चांचा आणि १९९५ पासूनच्या नायजेरियन डॉक्टरांच्या संघटनेचा वाटा मोठा आहे. बास्क वसतिगृहाचे काम या संस्थांनी केले असे म्हणता येईल. फरक इतकाच की वसतिगृहाची भाषा एउस्कारा होती, तर या मंडळांचे कामकाज बहुधा इंग्रजीत चालते. इंग्रजी ही नायजेरियाची राज्यभाषा असल्यामुळे नायजेरियन आईबाप ती घेऊनच येतात, व मुलाशी घरातही तीच बोलतात. बास्कांची भाषा जावयास तीन पिढ्या लागल्या. येथे ती एकाच पिढीत जाताना दिसते. उरते ते नाव. योरुबा घरात आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलास ‘बाबातुंडे’, म्हणजे ‘बाप परत आला’, असे नाव ठेवतात. ह्यूस्टनच्या शाळेत हजेरी घेणाऱ्या शिक्षकास त्या वाक्याचा पत्ता नसतो, आणि काही वर्षांनी मुलासही राहत नाही.

ही सर्व चिकित्सा करण्याचे कारण केवळ पद्धतिशास्त्राचे नाही. नायजेरियनांच्या यशाचा पुरावा एका तिसऱ्या समाजाविरुद्ध वापरला जातो. कृष्णवर्णी असूनही हे पुढे गेले, तेव्हा अमेरिकेतील जुन्या कृष्णवर्णीयांच्या दैन्यास वर्णभेद कारण नसून त्यांचीच संस्कृती कारण आहे, असा हा युक्तिवाद असतो. याचा प्रत्यक्ष परिणामही दिसतो. डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविल्याप्रमाणे निवडक महाविद्यालयांत दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एकचतुर्थांशाहून अधिक हे स्थलांतरित किंवा त्यांची मुले होते. त्या वयाच्या कृष्णवर्णीयांत त्यांचे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास होते. गुलामीच्या वंशजांसाठी म्हणून उघडलेली दारे कोणी ओलांडली, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

या प्रश्नास सर्वांत गंभीरपणे भिडलेला विद्वान स्वतः नायजेरियन होता. बर्कलीचे मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू हे जन्माने इग्बो. ‘मायनॉरिटी एज्युकेशन अँड कास्ट’ या १९७८ च्या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची तुलना भारतातील अनुसूचित जाती, जपानमधील बुराकु, न्यूझीलंडमधील माओरी इत्यादींशी केली, आणि पुढे स्वेच्छेने आलेले अल्पसंख्य व बळाने अंकित केलेले अल्पसंख्य असा भेद मांडला. पहिल्यांस शाळा ही शिडी दिसते, दुसऱ्यांस ती जेत्याची संस्था वाटते, असे त्यांचे प्रतिपादन. ही मांडणी मोलाची आहे, परंतु तिच्यात मनोवृत्तीवर भार अधिक पडतो आणि चाळणीवर कमी. स्वेच्छेने येऊ इच्छिणारे लाखो असतात. कायदा त्यांतून कोणास येऊ देतो, हा भाग ओग्बूंच्या विवेचनात मागे राहतो.

याची पडताळणी नेव्हाडा व आयडाहोच्या त्याच डोंगरांवर करता येते. १९७० नंतर स्पेनमधील वेतने वाढली आणि बास्क तरुण मेंढ्यांमागे जाण्यास तयार होईना. त्याची जागा प्रामुख्याने पेरूच्या पर्वतप्रदेशातील मेंढपाळांनी घेतली. कळप तेवढेच, एकांत तोच, कुत्रा तोच, मालक पुष्कळदा बास्क नावाचा; आणि पेरूच्या या माणसांच्या अंगी मेंढपाळी खरोखरीच पिढीजात, बास्कांहून कितीतरी अधिक. ते मुदतीच्या व्हिसावर येतात. वेतन रोखीने मिळते, मेंढ्यांच्या रूपाने नाही. कुरणे परवान्यांची आहेत. बायकामुले मागे असतात. आणि कंत्राट संपले की परत जावयाचे असते. त्यांच्या वंशजांचा रकाना जनगणनेच्या कोष्टकात शोधू गेल्यास सापडत नाही.